जठरछेदनोत्तर आहार : एक ऐतिहासिक समालोचन

१. विषयाची व्याप्ती

अतिस्थौल्यावरील शस्त्रक्रियांपैकी ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ ही आज जगात सर्वांत अधिक प्रमाणात केली जाते. तीत जठराच्या मोठ्या वक्र बाजूचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कापून कायमचा काढून टाकतात. मागे जी अरुंद नळी उरते तिचा आकार सदऱ्याच्या बाहीसारखा असतो. त्यावरूनच या क्रियेला हे नाव मिळाले. ज्या अवयवात एक-दीड लिटर अन्नपाणी सहज सामावत असे, त्यात प्रारंभी १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक वाटी, एवढेच सामावते. शस्त्रक्रिया दोन-अडीच तासांच्या आत आटोपते. तीनंतरचे खाणे शिकण्यास मात्र वर्ष लागते, आणि शिकलेले टिकविणे हे जन्माचे काम होऊन बसते.

शल्यचिकित्सेचे इतिहास बहुधा शस्त्राचे इतिहास असतात. कोणी, केव्हा, कोठे, कोणती नवी पद्धती योजिली, याची नोंद त्यांत सविस्तर मिळते. रुग्ण घरी परतल्यावर ताटावर बसून काय करीत असे, याविषयी ते बहुतेक मौन पाळतात. प्रस्तुत लेखात हा दुसरा, उपेक्षित धागा हाती घेण्याचे योजिले आहे. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरचे आहारनियम तिच्याबरोबर जन्मास आलेले नाहीत. कर्करोगाने वा व्रणाने ज्यांचे जठर गेले, अशा रुग्णांच्या अनुभवातून सुमारे शंभर वर्षांत ते घडत गेले, आणि ज्या ज्या वेळी शल्यचिकित्सेने या अनुभवाकडे पाठ फिरविली त्या त्या वेळी त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. जठरावाचून जगणे

जठराचा रोगग्रस्त भाग कापून काढण्याचा प्रयत्न १८७९ साली पॅरिस येथे पेआँ यांनी आणि १८८० साली रिडिगिअर यांनी केला. दोघांचेही रुग्ण लवकरच दगावले. पहिले यश व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांना २९ जानेवारी १८८१ रोजी लाभले. त्यांच्या ४३ वर्षांच्या रुग्ण थेरेसे हेलर यांच्या जठराचा कर्करोगाने व्यापलेला खालचा भाग काढून उरलेले जठर ग्रहणीला जोडण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना आरंभी थोडेथोडे आंबवलेले दूध देण्यात आले. रोग अन्यत्र पसरलेला असल्यामुळे सुमारे चार महिन्यांनी त्यांचा अंत झाला. तथापि कापून पुन्हा सांधलेले जठर अन्न स्वीकारू शकते, ही गोष्ट सिद्ध झाली.

याहून धाडसाचा प्रयोग १८९७ च्या सप्टेंबरात झ्यूरिक येथे कार्ल श्लाटर यांनी केला. ५६ वर्षांच्या एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढून त्यांनी अन्ननलिका सरळ लघ्वांत्राला जोडली. त्या बाई त्यानंतर वर्षाहून अधिक काळ जगल्या. जठर नाहीसे झाले म्हणजे पचन संपले, ही तोवरची समजूत या एका उदाहरणाने मोडली. जठर हे प्रामुख्याने कोठार आहे. ते गेले असता मनुष्याला एकाच वेळी भरपेट जेवता येणार नाही, परंतु थोडेथोडे आणि वारंवार खाऊन त्याला जगता येईल, हा या प्रयोगाचा इत्यर्थ होय. ‘थोडे आणि वारंवार’ हे पथ्य त्या काळापासून चालत आलेले आहे.

कोठाराची उपमा मात्र अपुरी होती. जठरातून अन्न खाली सोडणाऱ्या निर्गमद्वाराचे कार्य किती मोलाचे आहे, हे कळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. व्रणावरील उपाय म्हणून जठर आणि लघ्वांत्र यांच्यात नवी वाट पाडण्याची शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या आरंभी सर्रास होऊ लागली. त्या रुग्णांपैकी काहींना जेवण झाल्यावर थोड्याच वेळात घाम सुटे, छाती धडधडे, भोवळ येई, पोटात कळा येत आणि आडवे झाल्यावाचून गत्यंतर नसे. १९१३ साली हर्ट्‌झ या इंग्रज वैद्याने असे दाखविले की, या रुग्णांचे जठर फार जलद रिते होते. १९२२ साली अमेरिकेतील मिक्स यांनी त्याला ‘डंपिंग’, म्हणजे गाडीतील माल एकदम ओतून टाकणे, हा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला. दाट, गोड अन्न एकदम आतड्यात उतरले म्हणजे ते रक्तातील पाणी आतड्यात ओढून घेते आणि त्यामुळे ही लक्षणे उद्भवतात. काहींना जेवणानंतर एक ते तीन तासांनी निराळाच त्रास होतो : साखर झपाट्याने रक्तात शोषली गेल्यामुळे इन्सुलिन प्रमाणाबाहेर स्रवते आणि रक्तातील साखर उतरून हातपाय कापू लागतात.

यांतून आणखी दोन नियम निघाले. एक, साखर, गूळ व गोड पेये टाळावीत. दुसरा, घन अन्न व पाणी एकाच वेळी घेऊ नये. हे नियम कोणा पंडिताने सिद्धांतावरून मांडलेले नव्हेत. कोणत्या जेवणानंतर भोवळ येते आणि कोणत्यानंतर येत नाही, हे रुग्णांनी स्वतः अनुभविले, वैद्यांनी त्यांचे ऐकले आणि मग कारणमीमांसा शोधली, असा हा क्रम आहे.

३. अदृश्य उणीव

खाल्लेले अन्न पोटात ठरू लागले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नव्हते. जठर काढलेले काही रुग्ण चार-पाच वर्षे बरे राहून मग फिकट पडत, त्यांना धाप लागे, हातापायांना मुंग्या येत. या पांडुरोगाचे रहस्य विल्यम कॅसल यांनी बॉस्टन येथे उलगडले. त्यांचे संशोधन १९२९ साली प्रसिद्ध झाले. घातक पांडुरोगाच्या रुग्णाला नुसते मांस दिल्याने गुण येत नसे. परंतु निरोगी मनुष्याने मांस खाऊन ते त्याच्या जठरातील रसासह बाहेर काढून रुग्णास दिले, तर रक्त सुधारे. यावरून जठराच्या अस्तरातून एक ‘आंतरिक घटक’ स्रवत असला पाहिजे आणि त्यावाचून अन्नातील आवश्यक द्रव्य शोषले जात नसावे, असे अनुमान त्यांनी काढले. ते द्रव्य, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ साली अमेरिका व इंग्लंड या दोन्ही देशांत स्वतंत्रपणे शुद्ध स्वरूपात मिळविण्यात आले. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो. म्हणूनच उणीव उशिरा प्रकट होते आणि रुग्णाने वैद्याकडे जाणे सोडून दिल्यावर त्याला गाठते.

दुसऱ्या एका उणिवेचे स्वरूप याच्या उलट, म्हणजे अत्यंत त्वरित प्रकट होणारे आहे. ज्या १८८१ साली बिलरोथ यांची शस्त्रक्रिया झाली, त्याच साली कार्ल वेर्निके यांनी मेंदूच्या एका विकाराचे वर्णन केले. नजर दुहेरी होणे, तोल जाणे आणि बुद्धिभ्रम ही त्याची लक्षणे होत. त्यांच्या तीन रुग्णांपैकी दोघे मद्यपी पुरुष होते. तिसरी मात्र शिवणकाम करणारी एक तरुणी होती. तिने गंधकाम्ल प्राशन केल्यामुळे तिच्या जठराचे निर्गमद्वार आकसले होते आणि तिला सतत वांत्या होत होत्या. या विकाराचे मूळ ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावात आहे, हे पुष्कळ वर्षांनी समजले. शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा अवघे दोन-तीन आठवडे पुरतो. त्या तरुणीच्या उदाहरणात जठराच्या प्रत्येक शस्त्रक्रियेला लागू पडणारा इशारा होता : वांत्या थांबत नसतील, तर केवळ साखरपाणी शिरेतून देऊन भागत नाही, आधी ब-१ दिले पाहिजे. तरीही शंभर वर्षांनंतर स्थौल्यावरील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत हाच विकार पुन्हा आढळला, आणि वैद्यकीय नियतकालिकांतून त्याचे वृत्तांत नव्याने छापावे लागले.

४. स्थौल्यासाठी शस्त्र

व्रण व कर्करोग यांच्या रुग्णांत वजन घटणे ही शस्त्रक्रियेची हानी समजली जाई. तीच हानी लाभ म्हणून योजावी, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास आली. १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांनी असे दाखविले की, लघ्वांत्राचा मोठा भाग अन्नमार्गातून वगळला तर स्निग्ध पदार्थांचे शोषण घटून वजन उतरते. यातून जी शस्त्रक्रिया पुढे आली तिला ‘जेजुनो-इलिअल बायपास’ म्हणत. १९६९ साली पेन व डिविंड यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत लघ्वांत्राचा वरचा केवळ १४ इंच आणि खालचा ४ इंच एवढाच भाग अन्नासाठी उरत असे.

या शस्त्रक्रियेचे आकर्षण असे की, तीत खाण्याची सवय बदलण्याची गरज नव्हती. मनुष्याने पूर्वीप्रमाणेच जेवावे, अन्नच अंगी लागू नये, अशी ही योजना होती. आहाराचा प्रश्न तिने सोडविला नाही, तर टाळला. परिणामी सततचे जुलाब, क्षारांची हानी, मूत्रखडे आणि कित्येकांत यकृताचा नाश असे उपद्रव उद्भवले. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया जवळजवळ सोडून देण्यात आली. स्थौल्यचिकित्सेच्या इतिहासातील हा पहिला मोठा धडा होय.

दुसरा मार्ग आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी दाखविला. व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन काही केल्या वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. जुन्या शस्त्रक्रियेच्या या ‘दोषा’तूनच त्यांनी इतो यांच्या सहकार्याने १९६६ साली जठराचा छोटा कप्पा करून तो लघ्वांत्राला जोडण्याची ‘गॅस्ट्रिक बायपास’ पद्धती सुरू केली. पुढे १९८० मध्ये मेसन यांनीच आतड्याला हात न लावता केवळ जठर उभे विभागून त्याच्या तोंडाशी पट्टी बसविण्याची रीत योजिली. सोपी व निर्धोक म्हणून ती लोकप्रिय झाली. पण वर्षे लोटली तसा तिचाही एक दोष दिसू लागला. अरुंद तोंडातून भाकरी, मांस यांसारखे घन अन्न उतरताना अडकत असे. आइस्क्रीम, मिठाई, गोड दूध मात्र विनासायास उतरे. रुग्ण नकळत अशा मऊ व गोड पदार्थांकडे वळले आणि गेलेले वजन परत आले. शस्त्राने जठराचे तोंड आवळता येते; त्या तोंडातून काय आत जावे, हे शस्त्र ठरवू शकत नाही, हा दुसरा धडा.

५. बाहीचा उगम आणि एक खंडित परंपरा

स्लीव्ह ही मुळात स्वतंत्र शस्त्रक्रिया नव्हती. इटलीतील स्कोपिनारो यांच्या पद्धतीत सुधारणा करून अमेरिकेत डग्लस हेस यांनी १९८८ साली आणि त्यानंतर कॅनडात मार्सो यांनी जी ‘ड्युओडिनल स्विच’ शस्त्रक्रिया प्रचारात आणली, तिचा बाहीच्या आकाराचे जठर हा केवळ पूर्वार्ध होता. उत्तरार्धात आतड्याची फेरजोडणी होत असे. न्यूयॉर्क येथे मिशेल गान्ये यांनी १९९९ पासून ही संपूर्ण क्रिया दुर्बिणीद्वारे करण्यास आरंभ केला. परंतु अत्यंत स्थूल रुग्णांना एवढी दीर्घ क्रिया सोसत नसे. म्हणून अशा रुग्णांत आधी फक्त जठराची बाही करावी आणि वजन थोडे उतरल्यावर दुसरा टप्पा पार पाडावा, असे ठरले. पहिल्या टप्प्यानंतरच वजनात अपेक्षेबाहेर घट होते, असे आढळून आले. काही रुग्णांना तर दुसऱ्या टप्प्याची गरजच उरली नाही. अशा रीतीने तात्पुरता मुक्काम हेच गंतव्य स्थान ठरले, आणि २०१० नंतरच्या दशकात ही शस्त्रक्रिया जगात अग्रस्थानी आली.

याच काळात दुसरीकडे एक परंपरा अस्त पावत होती. १९७६ पासून आम्ल कमी करणारी सिमेटिडिन ही गोळी उपलब्ध झाली. १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल व वॉरन यांनी जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू वेगळा केला, आणि पुढे व्रण प्रतिजैविकांनी बरा होऊ लागला. या शोधासाठी २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्रणासाठी जठर कापण्याचे कारण उरले नाही, ही निःसंशय इष्ट गोष्ट झाली. पण त्याबरोबर जठर गमावलेल्या मनुष्याला कसे जेवू घालावे, हे रोजच्या सरावाने जाणणारे शल्यचिकित्सक, परिचारिका व आहारतज्ज्ञ यांची पिढीही मागे पडली. स्थौल्यावरील शस्त्रक्रियांचा भर यानंतर आला. वेर्निकेच्या विकाराचे पुनरागमन आणि पट्टीच्या शस्त्रक्रियेनंतर गोडाकडे वळलेले रुग्ण यांचा अर्थ, प्रस्तुत लेखकाच्या मते, या तुटलेल्या धाग्याच्या संदर्भात लावला पाहिजे.

६. भुकेचे स्थान

जठर लहान केले म्हणजे मनुष्य कमी खातो व कृश होतो, हे स्पष्टीकरण वरवर पुरेसे वाटते. ते पुरेसे नाही, हे समजण्यासाठी १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठातच झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगाकडे वळले पाहिजे. युद्धोत्तर यूरोपातील उपाशी जनतेला पुन्हा कसे सावरावे, याच्या अभ्यासासाठी अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. त्यांना अन्नावाचून दुसरा विचार सुचेनासा झाला; कित्येक जण पाकक्रियांची पुस्तके गोळा करीत बसत. त्यांच्या शरीराचा ऊर्जाव्ययही घटला. पुन्हा अन्न मिळू लागल्यावर पोट तुडुंब भरले तरी त्यांची तृप्ती होईना. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने एक गोष्ट निर्विवाद केली : वजन घटू लागले की शरीर ते परत मिळविण्यासाठी सर्व शक्ती पणास लावते.

मग स्लीव्ह झालेला रुग्ण तितकेच किंवा त्याहून अधिक वजन गमावूनही भुकेने व्याकूळ का होत नाही? या कोड्याचा एक भाग जपानात उलगडला. १९९९ साली कोजिमा व कांगावा यांनी जठरात निर्माण होणारे एक संप्रेरक शोधून त्याला ‘घ्रेलिन’ हे नाव दिले. ते भूक चाळविते, आणि जठराच्या वरच्या घुमटाकार भागात ते विशेषेकरून तयार होते. २००२ साली अमेरिकेतील कमिंग्ज व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, केवळ आहारनियंत्रणाने ज्यांचे वजन सुमारे १७ टक्के घटले त्यांच्या रक्तातील घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढले. बायपास झालेल्या रुग्णांत मात्र ते अत्यल्प होते. स्लीव्हमध्ये तर तो घुमटाकार भागच काढून टाकतात. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोहोचल्यामुळे तृप्तीची संप्रेरकेही वाढतात. सारांश, पूर्वी जी क्रिया निव्वळ कोठार आटविणारी समजली गेली, ती वस्तुतः भुकेच्या संदेशवहनात फेरफार करणारी आहे.

या ठिकाणी आपल्या भाषेतील एक भेद उपयोगी पडतो. ‘भूक’ आणि ‘वखवख’ हे दोन शब्द आपण निराळे ठेवले आहेत. पोटाची भूक आणि डोळ्यांची भूक यांतही आपण फरक करतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने पोटात कावळे ओरडत नाहीत, कित्येकांना तर खाण्याची आठवण करून द्यावी लागते. पण शिणून घरी आल्यावर, दुःखात, कंटाळ्यात वा चारचौघांत बसून खाण्याची जी ओढ असते, ती जठरात राहत नसल्यामुळे जठराबरोबर जात नाही. पोटाची भूकही कालांतराने काही अंशी परतते. मधला वर्ष-दीड वर्षाचा अवधी हा सवयी बदलण्यासाठी मिळालेली सवलत आहे. या सवलतीचा उपयोग होतो की ती वाया जाते, यावर पुढील फलित पुष्कळसे अवलंबून असते.

७. आहाराच्या पायऱ्या

आज सामान्यतः पाळला जाणारा क्रम असा : पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखी निवळ पेये, नंतर सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेले कढण यांसारखी पातळ पेये, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटून एकजीव केलेले अन्न, पुढे महिनाभर मऊ अन्न, आणि दोन महिन्यांच्या सुमारास नेहमीचे जेवण, अर्थात वाटीच्या मापाने. रुग्णालयानुसार या मुदती थोड्या मागेपुढे होतात. या क्रमाचे पहिले प्रयोजन शिवणीचे रक्षण हे आहे. जठराच्या लांब शिवणीतून, विशेषतः तिच्या वरच्या टोकाशी, गळती होण्याचा धोका आरंभीच्या दिवसांत असतो. दुसरे प्रयोजन शिक्षणाचे आहे.

महाराष्ट्रीय स्वयंपाकघरात या पायऱ्यांसाठी नवे पदार्थ शोधावे लागत नाहीत. ताकाची निवळी, मुगाचे कढण, भाताची पेज, मऊ वरण हे आजाऱ्याचे अन्न आपल्याकडे पूर्वीपासून आहे. अडचण दुसरीकडे आहे. पेजेने पोट भरते, पण प्रथिने मिळत नाहीत. अशा रुग्णाला दिवसाकाठी ६० ग्रॅम वा त्याहून अधिक प्रथिने लागतात; ती न मिळाल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि केसगळती वाढते. वाटीभर घट्ट वरणात सात-आठ ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम आणि एका अंड्यात सहा ग्रॅम, असा हिशोब मांडला म्हणजे वाटीभर पोटाच्या मनुष्याला, त्यातही शाकाहाऱ्याला, हा आकडा गाठणे किती बिकट आहे हे दिसून येते. म्हणून ताटातील क्रम उलटा करावा लागतो. आधी उसळ, वरण, पनीर, अंडे किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरल्यास भाकरीचा घास वा भात. ज्या जेवणाचा आरंभ वरणभाताच्या मुदीने व्हावयाचा आणि ज्यात पोळी हेच मुख्य अन्न, त्यात हा बदल लहान नव्हे. मऊ पोळी व भात यांचा गोळा होऊन ते अडकतात, असाही पुष्कळांचा अनुभव असतो.

पाण्याचा नियम त्याहून जड जातो. जेवताना तांब्याभांडे जवळ असणे हा आपल्याकडे शिष्टाचाराचा भाग आहे. येथे मात्र जेवण आणि पाणी यांत साधारण अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे लागते. स्लीव्हमध्ये निर्गमद्वार शाबूत राहते, त्यामुळे डंपिंगचा त्रास बायपासच्या मानाने कमी असतो. परंतु पाण्याबरोबर अन्न लवकर पुढे सरकते आणि तृप्ती टिकत नाही, किंवा जागा अपुरी पडून वांती होते. एकदम पेलाभर पाणी पिणे शक्य नसते. दिवसभर घोटाघोटाने दीड-दोन लिटर पाणी पोटात जाईल, अशी व्यवस्था करावी लागते. वर वर्णिलेल्या १९२२ च्या पूर्वीच्या रुग्णांचा अनुभव येथे जसाच्या तसा कामी येतो.

मिताहाराचा उपदेश आपल्या परंपरेत जुनाच आहे. चरकसंहितेत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचीही गणना निंद्य शरीरांत केली आहे. जठराचे चार भाग कल्पून दोन अन्नाने, एक पेयाने भरावा आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावा, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितले आहे. यावरून प्राचीनांना आधुनिक शस्त्रक्रियेचे तत्त्व ज्ञात होते, असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल. त्या उपदेशात भुकेवर मनुष्याची सत्ता चालते असे गृहीत धरले आहे. ती सत्ता कित्येकांच्या बाबतीत चालत नाही, आणि हा चारित्र्याचा दोष नसून शरीरधर्म आहे, हे कीज व कमिंग्ज यांच्या संशोधनाने दाखविले. अतिस्थूल मनुष्याला खादाड म्हणून हिणविण्याची जी रीत समाजात आहे, तिचा पाया या ज्ञानाने ढासळतो.

पंगतीतील आग्रह हाही येथे विचारात घेतला पाहिजे. ‘आणखी एक घ्या’ हा आपल्याकडे प्रेमाचा उद्गार आहे, आणि पानात टाकणे हा अन्नाचा अपमान. चार घासांत तृप्त होणाऱ्या मनुष्याला दोन्हीकडून संकोच होतो. शस्त्रक्रियेविषयी कोणास न सांगणाऱ्यांची स्थिती अधिकच अवघड असते. आहाराचे नियम रुग्णाने पाळावयाचे असले, तरी ते पाळणे शक्य व्हावे एवढे औदार्य यजमानानेही दाखविले पाहिजे.

८. येथील प्रश्नाचे वैशिष्ट्य

भारतीयांच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष नमूद कराव्याशा वाटतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक लहानसे टिपण छापले. त्यात दोघांचेही छायाचित्र व मोजमापे दिली होती. दोघांचा शरीरभार-निर्देशांक २२.३ असा सारखाच. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. सारख्या वजनात भारतीय देह अधिक चरबी बाळगतो, हे यांवरून ठसठशीतपणे दिसते. त्यामुळेच आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेच्या विचाराची मर्यादा यूरोपीयांपेक्षा खालची धरली जाते.

दुसरी गोष्ट ब-१२ ची. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात स्वभावतः मिळत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील एका पाहणीत तपासलेल्यांपैकी निम्म्याच्या जवळपास लोकांत ते कमी आढळले. हे लोक शस्त्रक्रिया झालेले नव्हते. ज्याचा साठा आधीच रिता आहे, त्याच्या जठराचा आंतरिक घटक स्रवणारा बराचसा भाग काढला, तर काय होईल हे सांगावयास नको. पाश्चात्त्य रुग्णाला काही वर्षांनी जाणवणारी उणीव येथे लवकर जाणवू शकते. म्हणून ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या मात्रा आणि ठरावीक काळाने रक्तपरीक्षा यांत येथील रुग्णाने खंड पडू देणे अधिक धोक्याचे आहे.

९. फलित

पहिल्या सहा महिन्यांत वजन झपाट्याने उतरते, वर्ष-दीड वर्षात ते नीचांक गाठते आणि त्यानंतर थोडे वाढू लागते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील तुलनात्मक अभ्यासात पाच वर्षांअखेर अतिरिक्त वजनापैकी सरासरी ४९ टक्के घट स्लीव्हनंतर, तर ५७ टक्के घट बायपासनंतर टिकून होती. ‘अतिरिक्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, एखाद्याचे वजन १२० किलो आणि त्याच्या उंचीला योग्य वजन ७० किलो असेल, तर अतिरिक्त ५० किलोपैकी सुमारे निम्मे गेले, एवढाच याचा अर्थ. या घटीबरोबर मधुमेह व रक्तदाब यांत मोठी सुधारणा होते. याउलट जळजळ व आम्लपित्ताचा त्रास कित्येकांत वाढतो, आणि वजन वेगाने उतरत असता पित्तखडे होण्याचा संभव असतो. पाच वर्षांअखेरचे फलित चांगले आहे, परंतु ते पहिल्या वर्षातील आकड्यांइतके दिपविणारे नाही. मधल्या काळात वजन स्थिरावले म्हणून खचून जाणाऱ्या रुग्णाला कीज यांचा प्रयोग समजावून सांगणे उपयुक्त ठरेल : शरीर आपला जुना भार राखू पाहते, यात त्याचा अपराध नाही.

१०. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, स्लीव्हनंतरच्या आहारनियमांपैकी जवळजवळ प्रत्येकाची मुळे १८८१ ते १९५० या काळातील जठरविहीन वा अर्धजठर रुग्णांच्या अनुभवात सापडतात. दुसरी, खाण्याचा प्रश्न वगळून केवळ शस्त्राने स्थौल्य हरविण्याचे प्रयत्न, मग ते आतडे आखूड करण्याचे असोत की जठराचे तोंड आवळण्याचे, अपुरे ठरले. तिसरी, जठर हे निव्वळ कोठार नसून भुकेच्या नियमनात भाग घेणारे इंद्रिय आहे. तथापि भूक म्हणून आपण जे जे ओळखतो ते सर्व त्यात साठविलेले नाही.

आपल्याकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत या शस्त्रक्रिया आता नित्याच्या झाल्या आहेत. त्यांच्या संख्येची व वजनघटीची नोंद होते. परंतु रुग्णांनी घरी काय शिजविले, काय सोसले नाही, सणावारी काय केले, कोणत्या टप्प्यावर वैद्याकडे जाणे सोडले, याची पद्धतशीर नोंद मराठीत होणे अगत्याचे आहे. व्रणाच्या रुग्णांचे ज्ञान एकदा असेच हातातून निसटले होते. आजच्या रुग्णांचे ज्ञान तरी पुढील पिढीच्या हाती लागावे, यासाठी वैद्यक, आहारशास्त्र व इतिहास या तिन्ही विभागांच्या अभ्यासकांनी या कामी लक्ष घालावे.